बर्फातलं फोटोशूट, रोहतांगचा ‘परवाना’ आणि गेलेले २७,८०० रुपये

मनाली, सोलांग, गुलमर्ग, औली, कुठेही बर्फात कपल शूट किंवा फॅमिली शूट करायचा बेत असेल आणि बुकिंग इन्स्टाग्रामवरून चाललं असेल, तर पुढचा हप्ता पाठवण्याआधी हे वाचा. आमचे २७,८०० रुपये गेले. हा आकडा ऐकून काही जण ‘एवढंच ना’ म्हणतात, काही जण ‘एवढे दिलेतच कसे’ म्हणतात. दोघांनाही सांगते, आम्हाला स्वस्ताईचं आमिष कोणी दाखवलंच नव्हतं. इन्स्टाग्रामवरून आमचं शूट बुक करणाऱ्या बाईचा दर आम्ही चौकशी केलेल्या इतर दोघांपेक्षा जास्त होता. तिने आम्हाला विकलं ते नियोजन, आणि ते अव्वल दर्जाचं होतं.

नाताळच्या सुट्टीत ठाण्याहून आम्ही सहा जण मनालीला जाणार होतो. दिराच्या लग्नाला दहा वर्षं होत होती, म्हणून एक पूर्ण दिवस फोटोंसाठी राखून ठेवला होता. सकाळी दोन्ही जोडप्यांचे वेगवेगळे फोटो, मग मुलांसकट सगळ्यांचे, स्लेजवर, बर्फात लोळताना, जमलं तर स्नो-स्कूटरवर. धाकट्या जावेला लाल घोळदार गाऊन घालून बर्फात उभं राहायचं होतं. तिची ही हौस जुनी.

इन्स्टाग्रामवरचं ते पान बघून कोणालाही शंका आली नसती. रील्स भरपूर, फॉलोअर भरपूर. पहिल्या मेसेजला हिंदीत उत्तर आलं आणि माझं आडनाव कळल्यावर दुसऱ्याच मेसेजला मराठीत. “ताई, मी मूळची नाशिकची, लग्न होऊन इकडे आले. इथे मराठी माणूस भेटला की माहेरचं भेटल्यासारखं वाटतं.” मग व्हॉट्सॲप, मग फोन. बोलणं इतकं गोड की सासूबाईंनीही दोन मिनिटं फोन घेऊन तिची विचारपूस केली.

तिने मुलांच्या पायाचं माप विचारलं, का तर लहान मापाचे गमबूट सुट्टीत लवकर संपतात, आधी बाजूला काढून ठेवते म्हणाली. कोणाला दम्याचा त्रास आहे का विचारलं, कारण अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू गाव दहा हजार फुटांच्या वर आहे. पांढरे आणि फिकट निळे कपडे आणू नका, माणूस बर्फात विरघळून जातो. मरून, मोहरी, बॉटल ग्रीन आणा. कॅमेरा बर्फाला फसतो आणि फोटो करडा येतो, म्हणून आमचा फोटोग्राफर मुलगा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉप वर ठेवतो. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, तो चार आणेल, खिशात गरम ठेवेल. दरीत ऊन लवकर डोंगराआड जातं, तेव्हा सगळ्यांचा ग्रुप साडेतीनच्या आत उरकायचा. हे सगळं खरं आहे. मी नंतर एकेक गोष्ट जाणकारांना विचारून पाहिली. फोटोग्राफीबद्दल ती बाई एक अक्षरही खोटं बोललेली नाही. खोटं बोलली ती कागदपत्रांबद्दल आणि पैशांबद्दल. पण तोवर आमचं सगळं लक्ष कोणत्या रंगाचा स्वेटर घ्यायचा याच्यात होतं.

पैसे तिने तीन टप्प्यांत काढले. पॅकेज ३४,००० चं. त्याचे ४० टक्के, म्हणजे १३,६०० रुपये तारीख पक्की करायला. यात काही वावगं नाही, खरे फोटोग्राफरही ॲडव्हान्स घेतातच. मग निघायच्या आठवड्यात ‘रोहतांग परमिट आणि अटल टनेल एंट्री’ म्हणून माणशी हजार, वर प्रोसेसिंगचे दोनशे, असे ६,२००. आणि मनालीत पोचलो त्या संध्याकाळी गाऊन आणि स्नो सूटची ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून ८,०००.

मधला टप्पा नीट समजून घ्या, कारण असा खोटेपणा खऱ्या नियमाच्या पोटात लपवलेला असतो. रोहतांगला परवाना लागतो हे अगदी खरं. ३,९७८ मीटर उंचीवरच्या त्या खिंडीत राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशामुळे दिवसाला १,२०० गाड्याच सोडतात, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. पण तो परवाना गाडीचा असतो. माणशी वगैरे काही भानगड नाही. तो सरकारी संकेतस्थळावर काढता येतो आणि टॅक्सीवालेही काढतात. शिवाय थंडीत बर्फ साचला की रस्ताच बंद होतो. अटल बोगद्याचं तर विचारूच नका. ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा साधा वाहतुकीचा रस्ता आहे. त्यातून पलीकडे सिस्सूला जायला आपल्याला कसलाही वेगळा परवाना लागत नाही. आत गाडी थांबवायलाच मनाई आहे. आणि बाईने पाठवलेल्या आमच्या वेळापत्रकात ‘सकाळी ९.१५, टनेल शॉट’ असं चक्क छापलेलं होतं!

ठरलेल्या सकाळी आम्ही नटूनथटून हॉटेलच्या दारात उभे. मुलं स्वेटर, जॅकेट, टोपी, मफलर घालून घामाघूम. फोटोग्राफर येईना. बाईचा फोन आधी वाजत राहिला, मग बंद. आमच्या टॅक्सीच्या ड्रायव्हरला वेळापत्रक दाखवलं तर तो आधी हसला, मग गंभीर झाला. “मॅडम, रोहतांग तो बंद है. पैसा दिया क्या आपने?” जावेने गाऊनसाठी खास केस सेट करून घेतले होते, तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्यानेच आम्हाला ओळखीच्या एका स्टुडिओत नेलं. स्टुडिओवाल्या काकांनी माझ्या फोनवर ते इन्स्टाग्रामचं पान उघडलं, वर सरकवत गेले आणि एका फोटोवर थांबले. देवदारांच्या रांगेत एक जोडपं, वर लाल छत्री. “ये तो मेरा है.” त्यांनी कॉम्प्युटरवर मूळ फोटो काढून दाखवला. तीच छत्री, तेच दोघं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्यांच्या स्टुडिओचं नाव. बाईच्या पानावर ते नाव काढायला फोटो खालून कापला होता, त्यामुळे मुलीचे बूट घोट्यापासून गायब. आम्ही तो फोटो किती वेळा पाहिला असेल, पण बूट कोण बघतं! मग काकांनी दुसरा फोटो मोठा केला. जोडप्यामागे बर्फात एक जीप उभी, आणि तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला. म्हणजे तो फोटो आपल्या देशातला नव्हताच, आणि खाली लिहिलेलं ‘सोलांग, डिसेंबर’. काका म्हणाले, दर सीझनला अशी दोन-चार कुटुंबं दुकानात येतात. डिसेंबरात सोलांगला बर्फ असेलच असं तिथला माणूस छातीठोकपणे सांगत नाही, जानेवारी-फेब्रुवारीचं वेगळं. ‘बर्फाची गॅरंटी’ लिहून देणारा बाहेरचा, असं त्यांचं साधं गणित.

त्यांनी दुपारी आपला मुलगा आमच्याबरोबर पाठवला, सिस्सूला थोडे फोटो झाले. रस्त्याकडेच्या दुकानात स्नो सूट आणि गमबूट काहीशे रुपयांत भाड्याने मिळाले, मुलांच्या मापाचेसुद्धा.

दोन दिवसांनी बाईचा स्वतःहून मेसेज. फोटोग्राफरच्या गाडीला अपघात झाला, खूप वाईट वाटतं, पूर्ण रिफंड देते. सोबत क्यूआर कोड, आणि ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’. नवऱ्याने फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीच नाही, कोणी काहीही सांगो. तो कोड स्कॅन करून पिन टाकला असता तर आणखी १०,००० गेले असते, खाली रक्कम तीच दिसत होती.

फसवणूक लक्षात आल्याआल्या हॉटेलमधूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला होता. तिथे रक्कम, वेळ, बँक आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक (व्यवहाराचा ओळख क्रमांक) विचारतात. तो यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो, हाताशी ठेवूनच फोन लावा. घाई का, तर चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात. आमचा शेवटचा ८,००० चा हप्ता आदल्या संध्याकाळचाच होता, म्हणून त्यातले ४,३०० रुपये पुढच्या एका खात्यात गोठवता आले. आधीचे दोन्ही हप्ते केव्हाच एटीएममधून निघून गेले होते. ठाण्याला परतल्यावर पोलिसांत जबाब दिला. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं तोतयेगिरीचं ६६ड लागलं. गोठवलेले पैसे कोर्टाच्या आदेशाने मिळतील असं सांगितलंय, अजून मिळालेले नाहीत.

आता चौकशी कशी करायची ते सांगते. पहिली गोष्ट, निवडक फोटो बघून भुलू नका. एकाच जोडप्याचे, एकाच दिवसाचे चाळीस-पन्नास फोटो मागा, त्यात डोळे मिटलेले, केस उडालेलेही असू देत. चोराकडे प्रत्येकाचा एकेकच सुंदर फोटो असतो, कारण त्याने तो उचललेला असतो. खऱ्या माणसाकडे ढीग पडलेला असतो. या एका मागणीवर बहुतेक भामटे गप्प होतील.

दुसरं, बिल. आम्हाला बिल मिळालं होतं, त्यावर जीएसटी क्रमांकही होता. पंधरा अक्षरी असतो, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे. हिमाचलचे ०२. आमच्या बिलावर होते ०७, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक फुकट तपासता येतो. टाकला तर निघाली कापडाच्या धंद्यातली, नोंदणी रद्द झालेली कोणतीतरी फर्म. पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये खातेदाराचं बँकेतलं नाव येतं, तेही वाचा. आमच्या वेळी तीन हप्त्यांना तीन वेगवेगळ्या पुरुषांची नावं आली. “आमचे अकाउंटंट आहेत, ताई,” असं उत्तर मिळालं होतं. कोणत्या धंद्याला तीन अकाउंटंट लागतात देव जाणे.

आणि ॲडव्हान्सनंतरची प्रत्येक रक्कम, परवाना असो, अनामत असो, ड्रोनची परवानगी असो, जागेवर समोरासमोर द्यायची असं आधीच ठरवून घ्या. गाऊनची अनामत गाऊन हातात आल्यावर. आम्ही बघितलेला गाऊन तर अस्तित्वातच नव्हता.

एक शेपूट राहिलं. मी त्या पानाखाली चिडून तक्रार क्रमांकासकट सगळं लिहिलं, तर तिसऱ्या दिवशी एकाचा फोन: “सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, १,५०० फी भरा.” सरकार पैसे परत द्यायला फोनवर फी मागत नाही. तक्रार क्रमांक कुठेही उघड टाकू नका, हा दुसरा डाव त्यावरच चालतो.

ते पान मध्यंतरी बंद होतं. आता नाव बदलून परत आलंय, ‘गुलमर्ग स्नो स्टोरीज’ छापाचं काहीतरी. लाल छत्रीवालं जोडपं तिथेही आहे, अजून बुटांशिवाय. मी इन्स्टाग्रामला रिपोर्ट केलंय, स्टुडिओवाल्या काकांनीही केलंय. तुम्हाला तो फोटो दिसला तर तुम्हीही करा.