नाशिकमधल्या मुलींच्या शाळेत सहावीचं वर्ष कसं गेलं – एका आईचा रिव्ह्यू

माझी लेक यंदा सहावी संपवून सातवीत गेली. शाळा नाशिकमधली, फक्त मुलींची, अनुदानित, मराठी माध्यम पण गणित आणि विज्ञान सेमीमधून, म्हणजे इंग्रजीतून. नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या मी शाळेत जाऊन तोंडावर सांगितल्या आहेत, इथे नाव घेऊन परत उगाळायच्या नाहीत. पण पाचवीला ॲडमिशन घेताना जो तो विचारायचा की आता कोण मुलींना वेगळ्या शाळेत घालतं, आणि मी माहिती शोधायला गेले तर फी किती, रिक्षा कुठून मिळते, मैदान आहे का एवढंच मिळायचं, आत वर्गात बसून पोरी काय शिकतात हे कुणी लिहीतच नव्हतं. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

पुस्तकं तीच आहेत, बालभारतीची, आठवीपर्यंत फुकट मिळतात. मुलींची शाळा म्हणून अभ्यासक्रम काही वेगळा नसतो, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो तो काढून टाका. फरक पडतो तो त्याच पुस्तकातल्या कुठल्या ओळीवर बाई थांबतात त्याने.

सहावीचा इतिहास म्हणजे प्राचीन भारत. हडप्पा, वैदिक काळ, महाजनपदं, मौर्य, मग सातवाहन, वाकाटक असं सगळं. आमच्या वेळी आम्ही हे सनावळ्या पाठ करून संपवलं होतं. हिच्या इतिहासाच्या बाईंनी सातवाहनांच्या धड्याला वर्गाला एकच प्रश्न विचारला की राजाचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी, तर यातली गौतमी कोण? आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शोधून आणा म्हणाल्या. लेकीने घरी येऊन माझं डोकं खाल्लं, मला तरी कुठे माहिती होतं, नाशिकमध्ये जन्म गेला तरी. तर गौतमी बलश्री ही त्याची आई, आणि तिने कोरून घेतलेला लेख आपल्या पांडवलेण्यात म्हणजे त्रिरश्मी लेण्यांमध्ये ३ नंबरच्या लेण्यात आहे. पुस्तकात ते 'त्रिसमुद्रतोयपीतवाहन' असं बिरुद येतं ना, ज्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले तो, ते याच लेखातलं. म्हणजे मुलाच्या पराक्रमाचं वर्णन आईने लिहवून घेतलं म्हणून ते आज आपल्याला वाचायला मिळतंय, आणि लेणं तिने भिक्खूंना दान दिलं.

नोव्हेंबरमध्ये शाळेने वर्गाला तिथे नेलं. मी पण पालक म्हणून सोबत होते. पायऱ्या चढून वर गेल्यावर बाईंनी मुलींना आधी दगडाला हात लावायला सांगितला आणि भूगोलातला खडकांचा धडा तिथेच घेतला, की हा बेसाल्ट, अग्निजन्य खडक, लाव्हा थंड होऊन झालेला, आपल्याकडचा सह्याद्री बहुतेक याचाच आहे, आणि एकसंध आणि टणक असल्यामुळेच त्यात एवढी कोरीव लेणी टिकली. मग ब्राह्मी लिपी दाखवली. एका मुलीने विचारलं, बाई हे तिने स्वतः लिहिलं का तिला लिहिता यायचं नाही? बाई म्हणाल्या की लेख कोरणारे कारागीर वेगळे असायचे, पण तिला लिहिता यायचं का हे मला माहीत नाही, आपण शोधू. मला हे उत्तर फार आवडलं. शिक्षकाने 'मला माहीत नाही' म्हणणं मी माझ्या अख्ख्या शाळेत एकदाही ऐकलं नव्हतं. त्यानंतर प्रभावती गुप्त पण झाली, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी जी वाकाटकांच्या घरात दिली आणि नवरा गेल्यावर जिने मुलांच्या वतीने राज्य चालवलं. पुस्तकात लग्नापुरतं नाव येतं, बाईंनी त्यावर अख्खा तास दिला.

नागरिकशास्त्र तर मी विषयच मानत नव्हते. सहावीला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मग नगरपालिका, महानगरपालिका असं असतं. त्यात एक मुद्दा आहे की ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी महिला ग्रामसभा घ्यायची असते. लेकीने हे वाचलं आणि दिवाळीत निफाडकडे गावी गेल्यावर आजीला विचारलं, आजी तू जातेस का गं महिला ग्रामसभेला? माझ्या सासूबाई म्हणाल्या, ते काय असतं, शिपाई येतो आणि रजिस्टरवर सही घेऊन जातो. झालं, पोरगी हट्टाला पेटली, काका ग्रामपंचायतीत आहेत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली की सही कशाची घेता, सभा कुठे झाली. काका आधी हसले मग जरा गप्प झाले. २६ जानेवारीच्या आधी सासूबाईंना पहिल्यांदा निरोप आला की सभा आहे या, त्या गेल्या, पंधरा-वीस बायका होत्या आणि पाण्याच्या टाकीचा विषय निघाला असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. आता हे शाळेचं श्रेय किती आणि पोरीच्या स्वभावाचं किती ते मी सांगू शकत नाही, पण पाचवीपर्यंत ही मुलगी वाण्याकडे सुट्टे पैसे मागायला लाजायची हे खरं आहे.

आता विज्ञान. पोषण आणि आहार, अस्थिसंस्था, बल, साधी यंत्रं, ध्वनी, चुंबक, असे सोळा धडे आहेत. पोषणाचा धडा मला सगळ्यात उपयोगी वाटला कारण तो घरापर्यंत आला. शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, लोहाची, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी योजना आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. बऱ्याच आया मुलींना सांगतात की घेऊ नको, मळमळतं, घरी येऊन फेकून दे. मी पण आधी तेच सांगितलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी गोळी खिचडी खाऊन झाल्यावरच द्यायची असं ठरवलं, उपाशीपोटी नाही, आणि वर्गात समजावलं की लिंबू-आवळ्याबरोबर लोह चांगलं शोषलं जातं आणि जेवणावर लगेच चहा घेतला की कमी होतं. पोरीने घरी येऊन माझा जेवणानंतरचा चहा बंद केला. मला स्वतःला दुसऱ्या बाळंतपणापासून हिमोग्लोबिनचा त्रास आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या पण चहाचं मला कुणीच इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

आणि पाळी. सहावी म्हणजे अकरा-बारा वर्षं, वर्गातल्या काही मुलींना आलेली असते, बाकीच्यांना यायची असते. हा विषय पुस्तकात नाही पण या शाळेत पहिल्या सत्रात दोन तास त्यासाठी ठेवतात आणि दार लावून कुजबुजत नाही, फळ्यावर आकृती काढून, पॅड हातात देऊन, मुलींनी चिठ्ठीवर लिहिलेले प्रश्न एकेक वाचून उत्तरं देतात. लेकीची पाळी फेब्रुवारीत शाळेतच आली. मला फोन आला तेव्हा मी घाबरून धावत गेले तर ही बाकावर बसून डबा खात होती, बाजूच्या मैत्रिणीने आपला स्वेटर कमरेला बांधायला दिला होता, बाईंनी पॅड दिला होता, आणि मला म्हणाली आई तू कशाला आलीस, शेवटचा तास कबड्डीचा आहे. मला माझा दिवस आठवला, मला वाटलं होतं मला काहीतरी मोठा आजार झालाय आणि मी दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मी शाळेच्या गेटबाहेर येऊन रडले, खरं सांगते.

गणित ठीक. अपूर्णांक, पूर्णांक, विभाज्यता, मसावि-लसावि, शेकडेवारी, सरळव्याज. शिकवण्याची पद्धत जुनीच, नियम लिहून द्यायचा आणि वीस गणितं करायची. सेमी असल्यामुळे अजून एक गोंधळ, वर्गात एचसीएफ, घरी आजोबा शिकवतात ते मसावि, पोरीला सहामाहीपर्यंत कळलंच नव्हतं की दोन्ही एकच आहे. घरी बसून दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहून वही केली तेव्हा गाडी रुळावर आली, नवीन पालकांनी हे जूनमध्येच करा. नफा-तोटा मात्र छान झाला कारण आनंद मेळाव्यात स्टॉल लावले होते. लेकीच्या चौघींच्या गटाने भेळ केली, खर्च ६४० आणि विक्री ९२०, म्हणजे २८० नफा, शेकडा नफा ४३.७५, प्रत्येकीला ७०. लेक म्हणाली गॅस आणि तुझी मेहनत खर्चात धरलीच नाही तर हा नफा खोटा आहे. बाईंनी तो मुद्दा पुढच्या तासाला अख्ख्या वर्गाला घातला.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, कार्यानुभव. वर्षभर रांगोळी, मेंदी, भरतकाम, टाकाऊतून टिकाऊ. वाईट काही नाही, रांगोळी मलाही आवडते, पण साधी यंत्रं विज्ञानात शिकवता आणि पोरींच्या हातात स्क्रूड्रायव्हर एकदाही देत नाही? माझ्या बहिणीचा मुलगा दुसऱ्या शाळेत सहावीतच आहे, तो प्लग जोडायला शिकला. मी पालकसभेत हे बोलले तर एक आई म्हणाली मुलींना काय करायचंय, आणि शाळेने पण आधी शिक्षक नाही असं सांगितलं. दोन-तीनदा मागे लागल्यावर एका मुलीचे वडील इलेक्ट्रिशियन आहेत त्यांना बोलावून एक शनिवार ठेवला, त्यांनी प्लग टॉप जोडायला आणि फ्यूज म्हणजे काय ते शिकवलं. मुली शाळा सुटली तरी उठायला तयार नव्हत्या. एक शनिवार पुरेसा नाही. जिथे बाक उचलण्यापासून स्पीकर लावण्यापर्यंत सगळं मुलीच करतात कारण करायला दुसरं कुणी नाहीच, त्या शाळेने हा विषय मागे ठेवावा हे मला अजिबात पटत नाही.

दुसरी, स्वच्छतागृह. पाळीचे तास इतके छान घेता आणि दुपारनंतर नळाला पाणी नसतं. मुली पाणी पीत नाहीत दिवसभर, म्हणजे जावं लागू नये म्हणून, माझ्या लेकीची पण बाटली तशीच भरलेली परत यायची. तीनदा लेखी अर्ज दिला. जानेवारीत टाकी बदलली, आता बरं आहे पण सफाई अजून रोज होत नाही. ॲडमिशनला जाल तेव्हा ऑफिसमध्ये बसून परत येऊ नका, दुपारी तीन वाजता जाऊन स्वतः नळ सोडून बघा.

प्रयोगशाळा आहे पण ती आठवी ते दहावीसाठी. सहावीचा चुंबकाचा धडा फळ्यावर झाला. शंभर रुपयांत चुंबक आणि लोखंडाचा कीस येतो, मी घरी आणून दिला.

प्रगतिपत्रकाबद्दल एक. सहावीला निम्मे गुण आकारिकचे म्हणजे वर्षभराच्या तोंडी कामाचे, प्रकल्पाचे वगैरे, आणि निम्मे संकलितचे म्हणजे परीक्षेचे. त्यात वर्णनात्मक नोंदी असतात. पहिल्या सत्रात माझ्या मुलीची नोंद 'नीटनेटकी राहते, मोठ्यांचा आदर करते', शेजारच्या मुलीची तीच, तिच्या मैत्रिणीची पण तीच. मी वर्गशिक्षिकेला भेटून म्हटलं की बाई हिने वर्षभर तुम्हाला प्रश्न विचारून हैराण केलंय, ते लिहा ना. त्यांच्याकडे ५८ मुली आहेत, वेळ नाही हे मलाही कळतं, तरी दुसऱ्या सत्रात त्यांनी प्रत्येकीचं वेगळं लिहिलं.

भूगोल शेवटी ठेवला कारण त्याचं काम सुट्टीतपण चालू होतं. सहावीला अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं असतात आणि बहुतेक मुलं ती तोंडपाठ करतात. भूगोलाच्या बाईंनी निकालाच्या दिवशी सांगितलं की नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून वर्षात दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, जुलैत ढग असतात पण २० मेच्या आसपास बघता येईल, गच्चीवर काठी सरळ उभी करा आणि तिची सावली नाहीशी होते ते बघा. आणि दुपारी बाराला नाही दिसणार, किती वाजता दिसेल ते तुम्ही काढा, एका अंशाला चार मिनिटं. लेकीने नकाशात बघितलं, भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं रेखावृत्ताची, नाशिक जवळजवळ ७४ वर, फरक साडेआठ अंश, म्हणजे ३४ मिनिटं. आम्ही दोघी सव्वाबारालाच वर जाऊन बसलो, गच्ची इतकी तापलेली की चपला घालून पण पाय भाजत होते, पाण्याची बाटली आणि प्लास्टरमध्ये रोवलेली झाडूची दांडी. साडेबाराच्या पुढे मागे सावली काठीच्या पायाशी गोळा झाली आणि गेलीच. तिने त्याच वर्गातल्या सहा मैत्रिणींना एकाच वेळी व्हिडिओ कॉल लावला होता, सगळ्या आपापल्या गच्चीवर काठ्या घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्या एकदम ओरडल्या.