पैसे नव्या ब्रेक डिस्कचे, चाकात मात्र जुन्याच

गेल्या जूनमध्ये, पाऊस सुरू होण्यापूर्वी, मी माझी हॅचबॅक पुण्यातल्या एका खाजगी गॅरेजमध्ये पुढच्या ब्रेकचे पॅड बदलण्यासाठी नेली आणि पॅडबरोबर दोन्ही डिस्कही बदलल्याचे पैसे देऊन बाहेर पडलो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी; ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. त्या डिस्क बदललेल्या नव्हत्या, हे मला कळायला गणपती उजाडावे लागले. रक्कम फार मोठी नव्हती, परंतु ब्रेकच्या कामात केलेली लबाडी ही केवळ पैशांची लबाडी राहत नाही, म्हणून हा अनुभव तपशिलासह लिहीत आहे.

गाडी तेव्हा ६२,००० किलोमीटर चालली होती. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत असे, म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना देणारी पत्री डिस्कला घासू लागली होती. पॅड बदलायचे यात वाद नव्हता. चाक काढल्यावर गॅरेजमधल्या मुलाने मला बोलावून घेतले, डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नख फिरवले आणि म्हणाला, "बघा साहेब, नख अडकतंय. डिस्क गेल्यात. नवे पॅड टाकून उपयोग नाही, महिन्याभरात खाऊन टाकतील." मीही नख फिरवून पाहिले. खरोखरच अडकत होते. मी होकार दिला, चहा घेत आतल्या वातानुकूलित खोलीत बसलो आणि दोन तासांनी ८,४५० रुपये भरले. त्यात पॅडच्या संचाचे २,१५०, डिस्कचे ५,४०० आणि मजुरीचे ९०० रुपये होते. जुने भाग मागितले तेव्हा चारही जुने पॅड पिशवीत घालून दिले, "डिस्क भंगारात टाकल्या" असे सांगितले, आणि एका नामांकित कंपनीचे रिकामे खोके दाखवले. त्या खोक्यावर मी समाधान मानले. हे माझे पहिले चुकले.

नख अडकणे हा डिस्क संपल्याचा पुरावा नाही, हे मला त्या वेळी ठाऊक असायला हवे होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही; त्यामुळे घासला जाणारा पट्टा हळूहळू झिजत जातो आणि बाहेरची कड तशीच उंच राहते. प्रत्येक वापरलेल्या डिस्कला अशी कड असतेच. निर्णय करायचा तो पट्ट्याच्या जाडीवरून, आणि त्यासाठी लागणारा आकडा कंपनीने बहुतेक वेळा डिस्कवरच, मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेला, कोरलेला असतो. माझ्या गाडीच्या डिस्कची नवेपणीची जाडी २२ मिलिमीटर आहे आणि किमान जाडी २० मिलिमीटर कोरलेली आहे. तडे, निळे पडलेले डाग किंवा खोल चरे असतील तर गोष्ट वेगळी. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबूस गंज मात्र पहिल्या दोन-चार ब्रेकमध्येच पुसला जातो. त्याला घाबरून कोणी डिस्क बदलायला सांगत असेल तर गाडी उचलून घरी आणावी.

सप्टेंबरमध्ये गणपतीसाठी माणगावला निघालो. ताम्हिणी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हाताला थरथरू लागे आणि पायाखालचे पॅडल नाडीसारखे उडे. घाटात पाऊस, समोरून एसटी येत होती, मागे बायको आणि सासूबाई बसलेल्या. उरलेला उतार मी दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर गाडी आवरत उतरलो. जूनपासून गाडी जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालली होती.

माझे मामा भोसरीच्या एका कारखान्यातून टर्नर, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातणारे कारागीर, म्हणून निवृत्त झाले आहेत. परत आल्यावर गाडी त्यांच्या दारात नेली आणि चाक काढले. मामांनी लाकडी पेटीतून मायक्रोमीटर काढला, आधी त्याचा शून्य तपासला, डिस्क फडक्याने पुसली आणि खडूने आठ खुणा करून आठ ठिकाणी जाडी घेतली. मी व्हर्नियर पुढे केला तर म्हणाले, "तो ठेव तुझ्याजवळ. त्याचे जबडे कडेवर बसतात, कड मोजशील, पट्टा नाही." डाव्या डिस्कची जाडी १९.४ मिलिमीटर भरली आणि उजवीची १९.१. एकाच डिस्कवर आठ ठिकाणी मिळून सहा शतांश मिलिमीटरचा फरक होता, जिथे बहुतेक कंपन्या दोन शतांशांच्या आसपासच चालवून घेतात.

हिशेब साधा होता. नवी डिस्क २२ची. ती अडीच हजार किलोमीटरमध्ये अडीच-तीन मिलिमीटर झिजणे शक्य नाही. त्याहून मोठा पुरावा माझ्याच फाइलमध्ये निघाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसरीकडे केलेल्या सर्व्हिसच्या तपासणीपत्रकावर पुढच्या डिस्कची जाडी २०.५ लिहिलेली होती. मामांनी डिस्क बॅटरीच्या उजेडात तिरपी धरली. पॅड जिथे पोहोचत नाही त्या कडेच्या अरुंद पट्टीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक, सारख्या अंतराच्या रेषा होत्या. "हे लेथच्या टूलचे निशाण आहे," ते म्हणाले. "जुनीच डिस्क चकात धरून दोन्ही बाजूंनी कात मारलाय. आणि धरलीय तीही वाकडी." आतल्या वायुवीजनाच्या फटींमध्ये मात्र कित्येक वर्षांच्या गंजाची पापुद्र्यांवर पापुद्रे चढलेली साल होती, तिला कोणी हातही लावलेला नव्हता.

थरथर ताबडतोब का जाणवली नाही, याचेही उत्तर त्यांनीच दिले. डिस्क वाकडी धरून कातली की चाकाबरोबर फिरताना ती किंचित डुलते; ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा उंच भाग दर फेरीला पॅडला चाटून जातो आणि तेवढाच भाग झिजत राहतो. हजार-दोन हजार किलोमीटरांत जाडीत फरक पडतो आणि मग पॅडल उडू लागते. लोक याला "डिस्क वाकली" म्हणतात. पातळ डिस्कचा धोका याहून वेगळा आणि मोठा आहे. ब्रेक लावताना निर्माण होणारी उष्णता डिस्कच्या लोखंडातच मुरते. लोखंड कमी झाले की लांब उतारावर डिस्क लवकर तापते, पॅडची पकड सैल पडते, आणि जुने ब्रेक ऑइल असेल तर ते उकळून पॅडल मऊ लागू लागते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे, कारण राग आला की ती विसरली जाते. गॅरेजने दिलेला सल्ला चुकीचा नव्हता. २०.५ची डिस्क त्या दिवशी मर्यादेत होती हे खरे, पण नव्या पॅडचा संच निदान तीस-चाळीस हजार किलोमीटर चालला असता आणि तेवढ्यात डिस्क २०च्या खाली गेली असती. म्हणजे पॅडबरोबर डिस्क बदलणेच शहाणपणाचे होते. त्यांनी सल्ला खरा दिला आणि काम खोटे केले. नुसते पॅड बदलून तशीच जुनी डिस्क ठेवली असती, तरी कातलेल्या डिस्कपेक्षा मी अधिक सुरक्षित राहिलो असतो. डिस्क २१.५ वगैरे असती तर हाच सल्ला मी आज नाकारला असता.

मामांना घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मालकाने बिल हातात घेऊन शांतपणे विचारले, "साहेब, यात 'फ्रंट डिस्क, २ नग' लिहिलंय. 'नवीन' कुठं लिहिलंय? डिस्कचं काम केलं, त्याचे पैसे घेतले." बिलावर ना कंपनीचे नाव होते, ना पार्ट क्रमांक, ना जीएसटी क्रमांक. लेथवर जोडी कातायला ५,४०० रुपये कुठे पडतात ते दाखवा, असे मामांनी विचारल्यावर "पोराकडून चूक झाली" असा सूर निघाला. पैसे लगेच मिळाले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, फेब्रुवारीचे तपासणीपत्रक, बिल आणि मोजमापाची छायाचित्रे जोडून गॅरेजला लेखी पत्र दिले, आणि ग्राहक आयोगात जाण्याची मुदत दोन वर्षांची असल्याने मला घाई नाही, हेही त्यात लिहिले. सतराव्या दिवशी ५,४०० रुपये यूपीआयने आले. पॅड आणि मजुरीचे पैसे बुडाले ते बुडालेच, कारण डुलणाऱ्या डिस्कवर झिजलेले पॅड नव्या डिस्कला लावू नयेत असे मामांचे मत पडले.

नव्या डिस्क मी नाना पेठेत स्वतः जाऊन, पार्ट क्रमांक जुळवून आणि तो बिलावर लिहून घेऊन आणल्या. बसवण्याआधी मामांनी त्या मोजल्या, गंज लागू नये म्हणून लावलेला तेलाचा हात धुऊन काढला आणि डिस्क जिथे टेकते तो हबचा भाग तारेच्या ब्रशने लख्ख केला. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी नवी डिस्कही डुलते. मी या वेळी बाहेर, चाकाशेजारी उकिडवा बसून होतो आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेत होतो. मग मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक दाबून पॅड डिस्कवर बसवून घेतले.

जुन्या दोन्ही डिस्क काही दिवस गॅलरीत पडून होत्या, त्यांच्यावर खडूने १९.४ आणि १९.१ लिहिलेले होते. भंगारवाला दर रविवारी विचारत असे. मामांनी ग्राइंडर आणून दोन्हींना कडेपासून मधल्या भोकापर्यंत आरपार खाच मारली, आणि मगच त्या तराजूत गेल्या.