मुंबई ते न्यूयॉर्क : थेट विमान, आखातातला थांबा की युरोपातला?

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. दुबईमार्गे ते साधारण १२,९५० आणि लंडनमार्गे सुमारे १२,७५० किलोमीटर भरते, म्हणजे थांबा घेतल्याने अंतरात पडणारा फरक विमानाच्या वेगाने फार तर अर्ध्या तासाचा आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची रेषा मध्य आशिया, रशिया आणि स्कँडिनेव्हिया यांवरून उत्तरेकडे वळते आणि लंडन त्या रेषेपासून फारसे दूर पडत नाही. त्यामुळे तिकीट निवडताना किलोमीटर बाजूला ठेवून तासांची विभागणी पाहावी.

थेट विमान जाताना सुमारे १५ ते १६ तास घेते. दुबईमार्गे पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा आणि दुसरा सुमारे १४ तासांचा असतो. मधल्या अडीच-तीन तासांसह प्रवास २० तासांवर जातो, आणि मुख्य अडचण अशी की या थांब्याने लांबचा पल्ला तुटतच नाही. मुंबईहून पहाटे निघालेल्या माणसाचा डोळा लागतो न लागतो तोच दुबई येते, सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि १४ तास तसेच शिल्लक राहतात. लंडनमार्गे मात्र साडेनऊ-दहा आणि आठ तास अशी बरीचशी समान वाटणी होते. ज्यांचे गुडघे किंवा पाय सलग बसून सुजतात, त्यांच्यासाठी हाच थांबा खऱ्या अर्थाने विश्रांतीचा ठरतो. अर्थात ट्रान्झिट व्हिसाचे (थांब्याच्या देशातून पुढे जाण्यापुरत्या व्हिसाचे) नियम जाताना आणि येताना दोन्ही वेळचे तपासलेच पाहिजेत, कारण परतताना अमेरिकेच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल तर परिस्थिती बदलू शकते.

आखातात अबू धाबीचा अपवाद करावा लागेल. तेथे २०१४ पासून अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्यापूर्वीच उरकते, आणि अमेरिकेत प्रवासी देशांतर्गत विमानातून आल्यासारखा बाहेर पडतो. दीर्घ प्रवासानंतरची रांग टळणे ही थोडी सोय नव्हे.

न्यू जर्सीतल्या मुलाकडे पहिल्यांदाच एकटे निघालेल्या आईवडिलांसाठी मी काही हजार रुपये जास्त मोजूनही थेट विमानच निवडेन, कारण बदलीच्या विमानतळावर गेट शोधण्याचा ताण त्यांना १६ तास बसण्यापेक्षा अधिक थकवतो. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. सवय असलेल्या, खर्चाकडे पाहणाऱ्या तरुण प्रवाशाने एका थांब्याचे तिकीट खुशाल घ्यावे, पण दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असावेत. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर नवीन तिकिटाचा भुर्दंड बहुधा प्रवाशावरच पडतो.

हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणून जानेवारीत मुंबईहून रात्री दोनला निघालेले थेट विमान १६ तासांनी पोहोचले, तर तिथे त्याच दिवशीची सकाळी साडेसातची वेळ असते. परतीच्या प्रवासात पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे पाठीशी असल्याने तास-दीड तास वाचतो.