आमचे देणे दुसऱ्याने फेडले, त्याची गोष्ट

पसरकाराच्या, म्हणजे आमच्या वाण्याच्या, चोपडीतले एक पान माझ्या पेटीत आहे. त्यावर आमच्या घराचे नाव, खाली ११,४०० ची बेरीज आणि तिच्यावर आडवी रेघ. रेघेखाली लिहिले आहे : 'लढाईतून आले. ६,००० रोख. बाकी सोडली. खाते बंद.' हे पान १९९९ मध्ये माझ्या हाती आले. तोवर सहा वर्षे आम्ही धरून चाललो होतो की तिथे ११,४०० रुपये पुरते भरले गेले आहेत.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर होती. आमचे हे तिथे एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. इथे गोव्यात, फोंडा तालुक्यात, घराचे बांधकाम अर्ध्यावर, चिरे अंगणात येऊन पडलेले, सासूबाई आजारी, दोन मुले शाळेत. जुलैचा ड्राफ्ट वाटेतच अडकला आणि पुढचा येणार कुठून? गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामानसुद्धा त्या वर्षी उधारीवर आणले. पसरकाराने एका शब्दाने विचारले नाही, नुसते लिहीत गेला.

हे बसराहून बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, मग अम्मान असे करत सप्टेंबरअखेर मुंबईला उतरले. एअर इंडियाने त्या दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून लाखाहून जास्त माणसे आणली, त्यातले हे एक. पँटच्या कमरेत शिवलेले १८० दिनार होते. लढाईआधी एका दिनाराला ६० च्या आसपास रुपये मिळत. इराकने तो आपल्या दिनाराच्या बरोबरीचा ठरवला, मग चलनातूनच काढला. मुंबईत त्या नोटांना कोणी हात लावेना. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. रात्रभर बसने येऊन हे पहाटे दारात उभे राहिले ते एक पिशवी घेऊन.

देणी अशी होती. पसरकाराचे ११,४००. चार तोळ्यांच्या पाटल्या सोनाराकडे गहाण, त्यावर १०,०००, दरमहा शेकडा २ व्याजाने. चिरेवाल्याचे १४,०००. भिशीतल्या बायकांचे ५,०००. एकूण ४०,४००, व्याज वेगळे. आज हा आकडा वाचून हसू येईल, पण ह्यांना फोंड्यात जेमतेम १,२०० रुपयांची नोकरी लागली होती.

पैशापेक्षा वाईट होती ती लाज. गल्फवाला म्हणून ज्याला गावाने पहिल्या पंगतीत बसवले, तो आता पसरकाराचे दुकान टाळून मागच्या पाणंदीने घरी येई. ह्या लाजेवरच पुढचा सगळा धंदा उभा राहिला.

१९९३ मध्ये एक गृहस्थ घरी आले. पूर्वी कुठल्याशा कचेरीत कारकून होते, देवळात नेहमी पुढे, बोलणे गोड. म्हणाले, "वहिनी, संयुक्त राष्ट्रांकडून कुवेतवाल्यांना भरपाई मिळणार आहे. जिनिव्हाला आयोग बसलाय. फॉर्म मी भरतो. आणि ही चार ठिकाणची देणी कशाला डोक्यावर? मी सगळी फेडतो. चार दारांऐवजी एकच दार, माझे. भरपाई आली की द्या." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला बरे वाटले नाही, असे आता म्हणणे सोपे आहे. खरे सांगायचे तर मी त्यांना त्या दिवशी पातोळ्या वाढल्या.

दोन महिन्यांनी त्यांनी स्टँपपेपर आणला. सगळी देणी, व्याज आणि धावपळ धरून ५८,०००, वर्षाला शेकडा २४ व्याज. सोनाराबद्दल म्हणाले, "मुदत टळली, पाटल्या बुडाल्या." हे मानेने हो म्हणत सही करून मोकळे. पाटल्या बुडाल्या असतील तर सोनाराचे दहा हजार आमच्या यादीत कसे, एवढे साधे मला त्या दिवशी सुचले नाही. सोनाराची गहाणपावती तर मीच कपाटातून काढून त्यांच्या हातात दिली होती. एकाही सावकाराची भरणापावती आम्ही मागितली नाही. मागणे म्हणजे अविश्वास, असे घरात ठरले.

आता फॉर्मचे. त्याचे ३,००० रुपये वेगळे घेतले. तो फॉर्म फुकट होता. अर्ज सरकारमार्फतच जायचे. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात त्यासाठी कुवेत कक्ष होता. पण ३,००० ही खरी चोरी नव्हे. कुवेत सोडावे लागले एवढ्यासाठी 'ए' वर्गात एकट्या माणसाला २,५०० डॉलर ठरले होते. दुसऱ्या कोणत्याही वर्गात दावा करणार नाही असे लिहून दिले तर ४,०००. आणि 'सी' वर्गात बुडालेला पगार, बँकेतली शिल्लक, खोलीतले सामान, असे नुकसान एक लाख डॉलरपर्यंत मागता येत होते. ह्यांच्याकडे पगाराचा दाखला होता, बँकेचे पासबुक होते, अंगावरच्या शर्टात जपून आणलेले. त्या गृहस्थांनी न विचारता ४,००० च्या चौकटीत खूण केली. त्यांना कागद कमी आणि पैसे खात्रीचे हवे होते. त्या एका खुणेने आमचा 'सी' वर्ग कायमचा गेला. फॉर्म इंग्रजीत होता, ह्यांना इंग्रजी वाचता येत होते, तरी वाचला नाही. ह्याचा राग मला त्या गृहस्थांवर कमी आणि ह्यांच्यावर जास्त आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

पैसे यायला १९९७ उजाडले. डिसेंबर १९९६ मध्ये इराकचे तेल पुन्हा विकले जाऊ लागले, त्यातले ३० टक्के आयोगाच्या निधीत जाऊ लागले, तेव्हा गाडी हलली. पहिला हप्ता २,५०० डॉलर, म्हणजे ९०,००० च्या आसपास रुपये. गृहस्थ ह्यांच्याबरोबर बँकेत गेले आणि काउंटरवरच मोजून घेतले. चार वर्षांच्या व्याजासकट त्यांचा हिशेब १,१३,००० च्या वर गेला होता. आम्ही घरी बसच्या तिकिटापुरते पैसे आणले.

उरलेल्या २३,००० साठी त्यांना आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेची जमिनीची पट्टी हवी होती. कागद तयार, ह्यांची सही झालेली. मला म्हणाले, "तुमची सही नुसती रीत म्हणून." मी फोंड्याच्या एका वकिलीणबाईंकडे गेले. त्यांनी सांगितले की गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, बायकोच्या संमतीवाचून जमीन विकता येत नाही. ती सही मी केली नाही. घरात पंधरा दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही.

दोन वर्षांनी पसरकार वारला. बाराव्याला गेले तेव्हा त्याच्या मुलाने जुन्या चोपड्या काढल्या होत्या. "वहिनी, बाबांनी तुमचे अर्धे सोडले होते, म्हणायचे लढाईतून आलेल्याकडून काय घ्यायचे," असे तो सहज बोलून गेला. मी तिथेच खाली बसले. मग एकटीच एकेका दारात गेले, जिथे ह्यांनी १९९० मध्ये जायचे होते. चिरेवाल्याने १०,००० वर मिटवले होते. भिशीवाल्या बायकांना त्यांचे ५,००० मिळाले होते. सोनाराने वही उघडून दाखवली : मुद्दल १०,०००, व्याज निम्मे करून ३,०००, पाटल्या सोडवून नेल्या. आमच्याच पावतीवर. म्हणजे चारही ठिकाणी मिळून ३४,०००. "मला वाटले, घरी आणून दिल्या असतील," सोनार म्हणाला आणि मान खाली घातली.

पोलिसांत जायचा विचार झाला. वकिलीणबाईंनी स्टँपपेपर वाचून विचारले, "रकमेखाली सही तुमच्याच घरातली ना?" चोपडीचे पान आणि सोनाराची वही दाखवल्यावर गृहस्थांनी उरलेले २३,००० सोडले, तेवढेच. दुसऱ्या हप्त्याचे १,५०० डॉलर आले तेव्हा बँकेत आम्ही दोघेच गेलो.

२०२२ मध्ये युक्रेनमधून मुले परतली, पुढच्या वर्षी सुदानमधून माणसे. कोणाच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज, कोणाच्या दारात हातउसने मागणारे. ओळखीच्या एका आईने मला फोन केला : एकजण सगळी देणी 'एकत्र करून' देतो म्हणतोय, काय करू? मी तिला विचारले, ज्यांचे देणे आहे त्यांना भेटलीस का? नाही म्हणाली, तोंड दाखवायला लाज वाटते. मी म्हटले, आधी चहाच्या वेळेला जा, परिस्थिती सांग, किती सोडतात ते स्वतःच्या कानांनी ऐक. पैसे दिलेस की मूळ चिठ्ठी परत घे, पावतीवर 'काही येणे नाही' असे लिहून घे. कोऱ्या कागदावर आणि न वाचलेल्या फॉर्मवर सही करू नकोस. ती गेली. एका काकांनी तिला वर्षभराची मुदत दिली, दुसऱ्याने दार उघडले नाही. सगळेच पसरकारासारखे नसतात.

ते गृहस्थ अजून आहेत, आता काठी घेऊन चालतात. गेल्या वर्षी पालखीच्या वेळी समोर आले. "वहिनी, बऱ्या ना?"

मी विचारले, "पाटल्यांचे किती आले हो?"

कानाला हात लावून म्हणाले, हल्ली नीट ऐकू येत नाही.