हजेरीच्या नव्या नियमांवर कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत : साडेतीन तारे

मी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात मुकादम आहे. हजेरीचे नियम बदलण्याआधी आमचं म्हणणं ऐकायला कार्यालयाने बाहेरची एक संस्था नेमली होती.

त्यांची दोन माणसं पहाटे साडेपाचला थेट आमच्या हजेरी शेडवर आली, हे मला फार आवडलं. दुपारी सभागृहात बोलावलं असतं, तर घंटागाडीवाले आलेच नसते. मसुदा मराठीत होता, तोही मोठ्याने वाचून दाखवला. बोटाचा ठसा सक्तीचा, हे ऐकताच आमच्या एक मावशी पुढे आल्या आणि त्यांनी मशीनवर अंगठा ठेवला. पंचवीस वर्षं झाडू धरून रेषा पार झिजलेल्या. चार वेळा लावला, चारही वेळा लाल दिवा. लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन बाजूला ठेवून तो अंगठा हातात घेऊन पाहिला, मगच नोंद केली. अंतिम नियमात रजिस्टरवर सहीचा पर्याय आला, तो त्यामुळेच, असं मी मानतो.

दीड तारा का कापला? कंत्राटी कामगारांना विचारलंच नाही. नियम मात्र त्यांनाही लागू. शिवाय २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्यातून अत्यावश्यक सेवा वगळल्या. आमच्या साप्ताहिक सुट्टीचं काय, हा प्रश्न मी विचारला, तर ‘विषयाबाहेर’ म्हणून सोडून दिला. सफाईवाल्यासाठी हजेरी आणि सुट्टी वेगळी नसते हो.

पुढची फेरी होणार आहे म्हणतात. कंत्राटी पोरांना मी स्वतः घेऊन जाणार आहे.