दागिन्यांचं कव्हर घेतलं होतं, तरी घरफोडीचा क्लेम फेटाळला

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने कपाटाचं उचकटलेलं कुलूप पाहिलं, दोन फोटो काढले आणि विचारलं, "चोरीच्या आधी आठवडाभरात इथे आग लागली होती का? पूर, भूकंप, पाण्याची टाकी फुटली, असं काही?"

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय.

2022 मध्ये नाशिकला फ्लॅट घेताना बँकेच्या होम लोनच्या टेबलावरच 'भारत गृह रक्षा' पॉलिसी गळ्यात पडली. एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना हा एकच साचा दिलाय. मूळ पॉलिसी चांगली आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. आग, पूर, भूकंप त्यात येतात. इमारतीच्या विम्याच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत घरातलं सामानही आपोआप येतं. दागिने मात्र येत नाहीत, त्यासाठी वेगळे पैसे भरून ऐच्छिक कव्हर घ्यावं लागतं.

"ताई, सोनं घरातच ठेवता ना? मग हे घ्याच. चोरीबिरी सगळं आलं यात," एजंट म्हणाला. मी दागिन्यांची यादी करून दिली: पाटल्या, मोहनमाळ, सासूबाईंच्या कुड्या. पॉलिसीची पानं आली ती ईमेलवर, आणि तिथेच राहिली.

पुढच्या वर्षी लग्नाला जळगावला गेलो, दोन रात्री घर बंद. परतलो तेव्हा कडीकोयंडा तुटलेला. एफआयआर, पंचनामा, बिलं, सगळं दिलं. महिन्याने पत्र आलं: विम्यात धरलेल्या एखाद्या घटनेमुळे आणि त्यानंतर 7 दिवसांच्या आत चोरी झाली, तरच भरपाई.

म्हणजे पुरात घर सोडून गेलो आणि मागे चोर शिरला, तर पैसे. नुसता चोर शिरला, तर नाही! जादा पैसे भरून पॉलिसीत सोनं आलं. पण कशापासून संरक्षण, ती यादी तीच राहिली. साध्या घरफोडीचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं, हे त्या टेबलावर कुणी बोललं नाही.

विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर तक्रार केली. कंपनीचं उत्तर तेच कलम. एजंटचं बोलणं तोंडी, पुरावा काय देणार?

यंदा पॉलिसीच्या नूतनीकरणाला दुसरा एजंट आला. "चोरी आहे ना यात?" "आहे ना ताई!" म्हटलं, हेच पॉलिसीचा पान नंबर टाकून व्हॉट्सॲपवर पाठवा. निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.