पंचवटीत बघायला काय न्यावं?

भाचीला दादरला नोकरी लागलीय. घर तिकडे करायचा विचार अजून नाही, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं असं ठरलंय. परवा म्हणाली, "मामा, गाडीत बघायला नेटफ्लिक्स घेऊ, यूट्यूब प्रीमियम घेऊ, का सरळ मेमरी कार्डात भरून नेऊ?" मी म्हटलं, थांब जरा. या डाउनलोडच्या गल्लीत २००७ साली मी चांगले हात पोळून घेतलेत, तेव्हा उत्तर थोडं लांबणार.

नाशिकरोडहून नियमित जाणाऱ्यांना घाट सांगायला नको. इगतपुरी सुटली की कसाऱ्यापर्यंत बोगद्यामागून बोगदे, आणि मोबाइलवर चालू असलेलं जे असेल ते गोल गोल फिरत बसतं. एकदा थांबलं की आसनगावपर्यंत मूड जातो तो जातोच. म्हणजे आधी डाउनलोड करून नेणं आलं. भाचीचा प्रश्न असा की कुठून करायचं. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: डाउनलोड झालेली फाइल उघडताना कुणाला विचारते?

तेव्हा काय व्हायचं

२००५ च्या ऑक्टोबरात ॲपलने व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आणला आणि आयट्यून्सवर मालिकांचे भाग १.९९ डॉलरला विकायला काढले. पुढच्या सप्टेंबरात ॲमेझॉनची अनबॉक्स ही तशीच सेवा आली. माल बराचसा सारखा, कुलूप (म्हणजे फाइल कुठे चालेल आणि कुठे नाही ते ठरवणारी तांत्रिक अडवणूक) वेगवेगळं. अनबॉक्सचं कुलूप मायक्रोसॉफ्टचं, म्हणून विंडोज लागायचंच आणि आयपॉडवर ते चालायचं नाही. आयट्यून्सचं कुलूप ॲपलचं, म्हणून खिशातला प्लेअर आयपॉड नसेल तर त्यावर उपयोग शून्य. मायक्रोसॉफ्टने आपल्या कुलपाशी जमणाऱ्या प्लेअरांवर लावायला एक शिक्का काढला होता, 'प्लेजफॉरशुअर', म्हणजे नक्की चालेल. २००६ च्या नोव्हेंबरात त्यांनी स्वतःचाच झून नावाचा प्लेअर आणला आणि त्यावर ते 'नक्की चालणारं' काही चालेना. असले विनोद मुद्दाम करायचे म्हटले तरी सुचत नाहीत.

हे सगळं तिकडे, अमेरिकेत. आपल्याकडे आयट्यून्स स्टोअर उघडलं तेच २०१२ च्या डिसेंबरात. माझ्या वाट्याला आली ती त्याच जातीची, पण आता कुणाला नावही आठवणार नाही अशी एक सेवा, आणि तीही अमेरिकेतल्या चुलतभावाच्या खात्यातून. तो दिवाळीत आला होता. जाताना अडीच इंची पडद्याचा प्लेअर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "घे, पाच सिनेमे मी विकत घेऊन ठेवतो, तू इकडून डाउनलोड कर." तेव्हा मी कामासाठी दर आठवड्याला मुंबईला जायचो. हे म्हणजे देव पावला.

देव पावला, पण नैवेद्य फार मागत होता. घरी २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड. सेकंदाला जास्तीत जास्त ३२ केबी, म्हणजे ५०० एमबीच्या फाइलला साडेचार तास, तेही मध्ये लाइन गेली नाही तर. दिवसा डाउनलोड केलं तर बिल बघून घाम फुटायचा. रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. म्हणून दोनचा गजर लावून उठायचं, सुरू करायचं आणि पुन्हा झोपायचं. आई म्हणायची, "दोन वाजता उठून कुठली पूजा मांडलीयस?"

बरं, एवढं करून मिळायची ती कॉम्प्युटरवरची फाइल. प्लेअरसाठी दुसरी, लहान फाइल वेगळी डाउनलोड करायची. मग त्यांचंच सॉफ्टवेअर उघडून केबल लावायची आणि 'लायसन्स मिळाले नाही' असा निरोप तीनदा वाचून चौथ्यांदा ती आत जायची. रुंद पडद्याचा सिनेमा ३२० बाय २४० च्या पडद्यावर बसवला की वरखाली काळ्या पट्ट्या, आणि मधल्या १८० ओळींत सगळं युद्ध. सैन्य कुठलं आणि झाडी कुठली, ते आवाजावरून ओळखायचं.

तेही मी सहन केलं. राग आला तो दोन गोष्टींचा. पहिली: व्हायरस शिरला म्हणून कॉम्प्युटरला फॉरमॅट मारला, विंडोज एक्सपी नव्याने टाकलं, तर सेवेच्या लेखी तो नवा कॉम्प्युटर. पाचही सिनेमांच्या फाइली सीडीवर जपून ठेवल्या होत्या. फाइली होत्या, किल्ल्या गेल्या. नव्या किल्ल्या मागितल्या तर तुम्ही अमेरिकेत नाही म्हणून मिळणार नाहीत. (नियम त्यांचा, खातं भावाचं, वापर माझा; तक्रार कुठल्या तोंडाने करणार?) दुसरी गोष्ट लहान आहे पण जास्त झोंबली. एक सिनेमा भाड्याने घेतला होता. ३० दिवसांत कधीही सुरू करा, सुरू केल्यावर २४ तासांत संपवा. रविवारी रात्री नऊला, चालतोय ना बघू, म्हणून दोन मिनिटं लावून पाहिला. सोमवारी जाताना गाडीत अर्धा झाला, मुंबईची कामं उरकली, परतीला मी कल्याणपर्यंत झोपलो. कसाऱ्याच्या पुढे प्लेअर काढला तर मुदत संपलेली. ती दोन मिनिटं मोजली गेली होती.

त्याच काळात एमजी रोडवर मोबाइलच्या दुकानांत पाट्या लागलेल्या असायच्या: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. पन्नासाची नोट दिली की चहा पिऊन येईपर्यंत कार्ड गच्च. १७६ बाय १४४ ची थ्रीजीपी फाइल, चित्र म्हणजे रांगोळीवर पाणी पडावं तसं. माल सरळसरळ चोरीचा, त्याचं समर्थन नाही. पण ते कार्ड कुठल्याही मोबाइलमध्ये घातलं की चालायचं आणि कुणाला काही विचारायचं नाही. पैसे मोजणाऱ्याला मनस्ताप आणि चोरीचं घेणाऱ्याला सोय, असं ते दुकान होतं.

एकट्या माझंच असं झालं म्हणावं तर तेही नाही. गूगलने २००६ च्या जानेवारीत व्हिडिओ विकायला सुरुवात केली आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये ती विक्री बंद करताना विकत घेतलेले व्हिडिओही आता चालणार नाहीत म्हणून कळवलं. आधी भरपाई म्हणून स्वतःच्याच पेमेंट सेवेत खर्च करायची क्रेडिट देऊ केली, ओरड झाल्यावर पैसे परत दिले.

आता भाचीच्या प्रश्नाकडे

नेटफ्लिक्स भारतात २०१६ च्या जानेवारीत आलं आणि डाउनलोडची सोय त्याच वर्षी नोव्हेंबर संपता संपता. माझ्या २००७ च्या सेवेच्या शेजारी ठेवलं तर दोन फायली, केबल, वेगळं सॉफ्टवेअर हे सगळं नाहीसं झालंय. बोट लावलं, झालं. कुलूप मात्र आहे तिथेच आहे, फक्त आता त्याचा आवाज येत नाही. काही गोष्टी डाउनलोड केल्यावर सात दिवसांत जातात, काही सुरू केल्यापासून ४८ तासांत, आणि प्लॅन बंद केला की सगळंच. तरीही रोजच्या प्रवासाला मी यालाच मत देईन. कारण पंचवटीत बघायची मालिका आपल्याला जन्मभर जपून ठेवायची नसते. आठवडाभराचा डबा आहे तो, लोणच्याची बरणी नाही.

त्यातही भाचीने फक्त मोबाइलवाला प्लॅन घ्यावा. २०१९ मध्ये तो १९९ रुपयांना आला, २०२१ च्या डिसेंबरात १४९ झाला. चित्र ४८० ओळींचं आणि उपकरण एकच, एवढीच मर्यादा. खिडकीतून ऊन येणाऱ्या डब्यात, हलणाऱ्या हातात, ४८० आणि १०८० मधला फरक सांगणारा डोळा मला अजून भेटलेला नाही. स्वस्त मोबाइलवर तसंही मोठा प्लॅन घेऊन उपयोग नसतो: वाइडवाइन नावाच्या कुलपाचा वरचा दर्जा, एल-वन, तुमच्या मोबाइलमध्ये नसेल तर पैसे कितीही भरा, चित्र साधंच उतरतं. दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तोंडपाठ असतात. हे विचारलं की दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. लॅपटॉपवर बघणार असेल तर आणखी एक: २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने विंडोजचं ॲप बदललं आणि त्यातून डाउनलोड काढूनच टाकलं. होतं ते काढून घेणं ही या धंद्याची जुनी खोड आहे.

यूट्यूबचं थोडक्यात. २०१४ च्या डिसेंबरात भारतात ऑफलाइन सोय आली तेव्हा व्हिडिओ ४८ तास राहायचा. प्रीमियमवर महिन्यातून एकदा नेटवर आलं की पुरे. भाची गाडीत परीक्षेची व्याख्यानं ऐकणार असेल आणि वर जाहिरातींचा तिटकारा असेल, तर हे घ्यावं. सिनेमासाठी नको.

एखाद्याच सिनेमासाठी वर्गणी नको असेल तर भाड्याने. ॲमेझॉनने ही सोय भारतात २०२२ च्या एप्रिलमध्ये सुरू केली. अट ऐकून मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं: ३० दिवसांत सुरू करा, सुरू केल्यावर ४८ तास. चोवीसचे अठ्ठेचाळीस व्हायला पंधरा वर्षं लागली. जाताना अर्धा आणि येताना अर्धा एवढ्यात तो बसतो, एवढं मान्य. 'विकत घ्या' या बटणाकडे मात्र मी बघतही नाही. विकत घेतलेले माझे पाच सिनेमे अजून त्या सीडीवर आहेत, दाखवू का?

राहिलं कार्ड. हे भाचीसाठी नाही, आमच्या आईसाठी आहे. ती पावसाळ्याआधी महिनाभर त्र्यंबककडच्या गावी राहते. तिथे नेटवर्क म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहून 'हॅलो, ऐकू येतंय का?' एवढंच. सात दिवसांत पुसलं जाणारं काहीही तिच्या कामाचं नाही. तिच्या टॅबलेटमध्ये मी कार्डावर गावच्या सप्ताहातली आम्हीच रेकॉर्ड केलेली कीर्तनं, नातवाची मुंज आणि दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांतलं जे काही वाचलंय ते भरून दिलंय. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा १९१०-२० च्या दशकांतले ते मूकपट केव्हाच मोकळे झालेत. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, गेले नाशकात, आणि आईचं माहेरही तिकडचंच, त्यामुळे ती ते घरच्या लग्नाच्या कॅसेटसारखे बघते.

कार्ड भरताना माझी अर्धी दुपार एका गोष्टीत गेली, ती तुमची जाऊ नये. मुंजीची फाइल सहा जीबीची, कार्ड बत्तीसचं, तरी 'जागा नाही' म्हणून अडून बसलं. कार्ड एफएटी-३२ (फाइली मांडून ठेवायची एक जुनी पद्धत) पद्धतीचं असेल तर एकेक फाइल चार जीबीच्या आतच लागते. कार्डावरचं आधी दुसरीकडे काढून ठेवायचं, एक्स-फॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट मारायचा, की जाते. फाइल एमपी-फोर, आतला व्हिडिओ एच-२६४ पद्धतीने दाबून बसवलेला असला की बहुतेक जुने टॅबलेटही चालवतात; नाहीतर व्हीएलसी नावाचं प्लेअर ॲप टाकून द्यायचं.

भाचीने शेवटी मोबाइलवाला प्लॅन घेतला, आणि पहिल्याच आठवड्याची हौस म्हणून वर एक सिनेमा भाड्याने. तिला मी एक सांगितलं होतं: निघायच्या आदल्या रात्री मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि ॲप उघडून यादी दिसते का ते बघायचं. नेट नसताना पुन्हा लॉगिन करा म्हणून अडून बसलं तर ते घरी कळावं, बोगद्यात नको. तिने अगदी तसंच केलं. यादी दिसली. "मामा, चालतोय का तेही बघते," म्हणून तिने त्या भाड्याच्या सिनेमावर बोट नेलं, आणि मी जेवत्या ताटावरून उठून मोबाइल काढून घेतला.